धड्याखालचे प्रश्न

एखादी भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकवावी याविषयी आपल्याकडे जितका वाद होतो, त्याच्या शतांशानेही ती कशी शिकवावी याविषयी होत नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. १७ जून रोजी ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द योजून तो सौम्य केला. आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर केले. या अडीच महिन्यांत सभांतून आणि वृत्तपत्रांतून पुष्कळ बोलले गेले. लहान मुलाच्या माथी तीन भाषांचे ओझे घालू नये, हे म्हणणे रास्त होते. मराठीच्या स्थानाविषयीची काळजीही रास्त होती. परंतु पाचवीपासून हिंदी आपल्या शाळांत कित्येक वर्षे शिकवली जातच आहे. त्या शिक्षणातून मुलाच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. तो विचारण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही जळगाव व धुळे हे दोन जिल्हे डोळ्यांसमोर ठेवले आहेत, कारण या प्रश्नाची गाठ तेथे अधिक स्पष्ट दिसते.

खानदेशातील मुलाच्या कानांस हिंदी परकी नाही. मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता धुळे व शिरपूर ओलांडून सेंधव्याकडे चढतो, आणि त्यावरील ढाब्यांची व मालमोटारींची भाषा हिंदीच असते. भुसावळ हे रेल्वेचे मोठे ठाणे. तेथील रेल्वे वसाहतींत अनेक प्रांतांची माणसे एकमेकांशी हिंदीत बोलतात. रावेर-सावद्याची केळी उत्तरेच्या बाजारांस जातात, तेव्हा त्यांचा सौदाही हिंदीतच होतो. आणि बऱ्हाणपूर तर रावेरच्या पलीकडचे लगतचेच गाव. त्यात चित्रपटांची आणि दूरदर्शनसंचाची भर. तेव्हा पाचवीत हिंदीचे पुस्तक प्रथम हाती येते, त्या वेळी मुलास त्या भाषेचा नाद माहीत असतो, लिपी तर त्याच्या रोजच्या सरावाचीच असते. पहिल्याच दिवशी तो धडा खडखडा वाचून दाखवतो. शिक्षकास समाधान वाटते, घरी आईबापांस कौतुक वाटते, आणि हिंदी हा ‘सोपा विषय’ ठरतो. आमच्या मते अडचण इथूनच सुरू होते. जे वाचता येते ते समजलेच, असा समज या सोपेपणामुळे दृढ होतो.

हा समज कितपत खरा, हे पाहण्यासाठी आम्ही एक वाक्य रचले आहे : ‘जाड़े की धूप में दादा ऊन लपेट रहे थे।’ या वाक्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द मराठी मुलाच्या ओळखीचा आहे. ‘जाडे’ त्याला ठाऊक आहे, ‘धूप’ देवघरात रोज दिसतो, ‘दादा’ घरी आहे आणि ‘ऊन’ तर खानदेशात कोणास शिकवावयास नकोच! आता याखाली नेहमीच्या पद्धतीचा प्रश्न घाला : ‘दादा क्या लपेट रहे थे?’ मूल धड्यातील ओळीवर बोट ठेवील आणि निर्धास्तपणे लिहील : ‘दादा ऊन लपेट रहे थे।’ उत्तर बरोबर, शुद्धलेखन बरोबर, गुण पुरते. पण मुलाच्या मनात काय उमटले? जाड्याभरड्या धुपाच्या धुरात थोरला भाऊ कसलेसे ऊन गुंडाळतो आहे! थंडीच्या दिवसांतल्या कोवळ्या उन्हात आजोबा लोकर गुंडाळीत बसले आहेत, हे साधे, प्रसन्न चित्र त्याच्यापर्यंत पोचलेच नाही. आणि ते पोचले नाही याचा पत्ता शिक्षकास लागण्याची कोणतीही सोय त्या प्रश्नात नाही.

हे वाक्य मुद्दाम घडवलेले आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु त्यातील फसवे शब्द आम्ही घडवलेले नाहीत. हिंदी गोष्टीत ‘शिक्षा’ मिळालेला मुलगा आनंदाने घरी येतो, तेव्हा मराठी मूल बुचकळ्यात पडते. ‘पीठ’ दुखते म्हणणारी म्हातारी त्यास विनोदी वाटते. ‘संसार’ म्हणजे जग, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘खाली’ म्हणजे रिकामे. ‘दादी आई’ असे दोन शब्द दिसले, की आजी आणि आई दोघी आल्या असे त्यास वाटावे. वस्तुतः आली एकटी आजी. शिवाय लिंगाचा घोटाळा आहेच. मराठीत नपुंसक असलेले ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी होते, ‘पाणी’ पुल्लिंगी होते, आणि क्रियापदे त्यामागे धावतात. अगदी निराळ्या भाषेत शब्द अनोळखी असतो, म्हणून मूल थांबून विचारते. शेजारच्या भाषेत शब्द ओळखीचा चेहरा घेऊन येतो, म्हणून मूल थांबत नाही. तेव्हा हिंदी जवळची म्हणून तिच्या अर्थग्रहणाची चिंता नको, हे म्हणणे उलटे आहे. जवळची म्हणूनच ती चिंता अधिक करावयास हवी.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. धड्याखालचे प्रश्न ही बाब क्षुल्लक समजली जाते. पण थोडा विचार केला तर असे दिसेल की, साहित्याकडे कसे पाहावे याचा मुलास मिळणारा पहिला धडा हे प्रश्नच देत असतात. मोठ्यांना टीकाकार सांगतो की अमुक कादंबरीत काय पाहण्याजोगे आहे. मुलास तेच काम धड्याखालचा प्रश्न करतो. कथेत कोण आले, कुठे गेले, काय घेतले, एवढेच त्याने वर्षानुवर्षे विचारले, तर कथेत पाहण्याजोगे एवढेच असते असे मूल समजून चालते. ‘सही या गलत’, ‘रिक्त स्थान भरो’, ‘जोड़ियाँ मिलाओ’, ‘एक वाक्य में उत्तर लिखो’ या चार दारांतून त्यास साहित्याच्या घरात नेले जाते, आणि चारही दारे फिरून अंगणातच येतात. न्यायासाठी हे सांगितले पाहिजे की, बालभारतीच्या ‘हिंदी सुलभभारती’ या पाठ्यपुस्तकांत मुलास बोलते करावे, विचार करावयास लावावे या हेतूने पुष्कळ उपक्रम घातलेले आहेत. तेव्हा सारा दोष पुस्तककर्त्यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु वर्गात वेळ कमी पडला की आधी गळतात ते हेच उपक्रम, आणि उरतात ती एका वाक्यातली उत्तरे. कारण ती तपासावयास सोपी, मार्गदर्शक पुस्तकांत तयार मिळणारी आणि पालकांस वहीत दिसणारी असतात. यात पालकांचाही वाटा आहे, हे आम्ही या मासिकाच्या वाचकांपुढे स्पष्ट बोलतो. संध्याकाळी मुलाची वही पाहताना ‘सगळी उत्तरे लिहिलीस का?’ असे आपण विचारतो. ‘गोष्ट कशी होती?’ असे किती घरांत विचारले जाते?

अमेरिकेतील लुईज रोझेनब्लॅट या विदुषीने १९३८ साली ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’ नावाचा ग्रंथ लिहिला. साहित्यकृतीचा अर्थ छापील कागदावर तयार पडलेला नसतो, तो वाचक आणि कृती यांच्या भेटीतून घडतो, हे तिच्या प्रतिपादनाचे सार. पुढे तिने वाचनाच्या दोन रीतीही सांगितल्या. एका रीतीत वाचक मजकुरातून माहिती उचलून बाहेर पडतो, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसा. दुसरीत तो वाचता वाचता जे अनुभवतो त्याकडेच त्याचे लक्ष असते. आपल्या रसिकांस ही गोष्ट नवी वाटू नये. ‘सहृदय’ या एका शब्दात आपल्या साहित्यशास्त्राने वाचकाचा वाटा पूर्वीच मान्य केला आहे. प्रश्न एवढाच की, हा सहृदयपणा दहा वर्षांच्या मुलास आहे असे आपण मानतो की नाही? आमच्या शाळा कथा शिकवतात, पण ती औषधाच्या बाटलीसारखी वाचावयास लावतात.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (१९३३) ही कथा आपण उदाहरणासाठी घेऊ. ती कोणत्या इयत्तेस लावावी याच्याशी येथे कर्तव्य नाही; मुलांस सांगता येईल आणि मोठ्यांस पुरून उरेल अशी ती आहे, एवढे आमच्या कामास पुरे. आईबाप नसलेला चारपाच वर्षांचा हामिद आजीने दिलेले तीन पैसे घेऊन ईदेच्या मेळ्यास जातो. सोबती मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. तो मात्र लोखंडाचा चिमटा घेऊन घरी येतो, कारण तव्यावरून रोटी काढताना आजीची बोटे भाजतात. आजी आधी रागावते आणि मग तिच्या डोळ्यांस पाणी येते. यावर नेहमीचा प्रश्न कोणता निघेल? ‘हामिद ने मेले से क्या खरीदा?’ उत्तर : ‘चिमटा।’ संपले. ज्या मुलाने कथा ऐकलीच नाही, फक्त शेजाऱ्याच्या वहीत डोकावून पाहिले, त्याचे उत्तर आणि कथा ऐकून ज्याचा कंठ दाटून आला त्याचे उत्तर, दोन्ही अक्षरशः एकच!

याऐवजी अमळनेरच्या किंवा साक्रीच्या एखाद्या शाळेत असा तास कल्पून पाहा. कथा वाचण्यापूर्वी शिक्षक पुस्तक मिटून विचारतात : ‘यात्रेला जाताना तुम्हाला घरून किती पैसे मिळतात? त्यांचे काय करता?’ अमळनेरात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, धुळ्यास पांझरेच्या काठी एकवीरादेवीची भरते. तेव्हा या प्रश्नावर गप्प बसणारे मूल विरळाच. दहा मिनिटांत वर्गात पाळणे फिरू लागतात, शिट्या वाजू लागतात. आता मेळ्याची कथा परकी राहिली नाही. वर्गात ईद साजरी करणारी मुले असतील, तर नमाज, नवे कपडे, शेवया यांविषयी त्यांनी सांगावे. एरवी मागच्या बाकावर बसणारे एखादे मूल त्या दिवशी वर्गाचे शिक्षक होईल. हा लाभ हिंदीच्या गुणांत मोजता येणार नाही, पण लहान नाही.

मग कथा वाचावी, शिक्षकाने स्वतः, मोठ्याने, अभिनयासह. मोहसिन रेवडी पुढे करतो आणि हामिदने हात पुढे करताच स्वतःच्या तोंडात टाकतो, त्या जागी थांबावे आणि विचारावे : ‘आता हामिदला काय वाटले असेल?’ आणि कथा संपल्यावर : ‘चिमटा पाहून आजी आधी रागावली का?’ यावर वर्गातली कोणी मुलगी उठून म्हणाली, ‘मन्ही मायना हात बी भाजतस,’ तर शिक्षकाने काय करावे? ‘हिंदी में बोलो’ म्हणून तिला खाली बसवावे, की त्या वाक्यापुढे क्षणभर थांबावे? आमच्या मते प्रेमचंदांच्या कथेवर याहून नेमकी टीका दहा वर्षांच्या मुलीकडून अपेक्षिता येणार नाही. तिने कथेचे मर्मस्थान ओळखले आणि ते स्वतःच्या घरातील चुलीपाशी नेऊन पाहिले. तिला हिंदीतील ‘उँगलियाँ’ हा शब्द आला नाही, हे खरे. पण तो आता शिकवावयाचा आहे, आणि आता तो तिला हवा आहे. शब्द हवासा वाटल्यावर तो देणे आणि शब्दार्थांच्या यादीत आधीच कोंबून ठेवणे, यांतील अंतर शिकवणाऱ्यास ठाऊक असतेच.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मूल जे बोलेल ते सारे सारखेच मोलाचे, असा याचा अर्थ नव्हे. एखादा मुलगा म्हणेल, ‘हामिदने चूक केली, निदान एका पैशाची मिठाई तरी खायला हवी होती.’ हे मत दडपू नये, त्यावर उपदेशही झोडू नये. परंतु त्यास पुन्हा कथेकडे पाठवावे. ‘मिठाई खाण्याची इच्छा त्याला झाली होती का? कोणत्या जागेवरून कळते?’ असे विचारले की मूल पुस्तक उघडते, या वेळी उत्तर उतरून घेण्यासाठी नव्हे तर आपल्या म्हणण्याला आधार शोधण्यासाठी. चिमटा खांद्यावर ठेवला की बंदूक, हातात घेतला की फकिराचा चिमटा, असा मोठेपणा हामिद सोबत्यांपुढे मिरवतो. तेव्हा त्यास खेळणे नकोच होते असे नाही, त्याने चिमट्यालाच खेळणे करून घेतले, हे त्या मुलाच्या ध्यानात येईल. कदाचित् तो मत बदलील, कदाचित् बदलणार नाही; पण वाचनाची जी शिस्त टीकाकाराच्या अंगी असावी लागते, तिचा श्रीगणेशा झाला. प्रतिसाद मुलाचा, पण पुरावा कथेचा, एवढा नियम पाळला म्हणजे स्वैरपणाचे भय उरत नाही.

वर आम्ही मुलीच्या तोंडी अहिराणी वाक्य घातले, ते खानदेशी रंग यावा म्हणून नव्हे. धुळे जिल्ह्याच्या व पश्चिम जळगावच्या खेड्यापाड्यांत घरची भाषा अहिराणी आहे. यावल-रावेरकडे लेवा गणबोली आहे, जिच्यातून बहिणाबाई चौधरींची कविता उगवली. सातपुड्याच्या कुशीत पावरी व भिल्लांच्या इतर बोली आहेत. ग्रियर्सनने १९०७ साली भाषा-सर्वेक्षणाचा जो खंड प्रसिद्ध केला त्यात ‘खानदेशी’ मराठीच्या खंडात न घालता भिल्ली बोलींच्या सोबत ठेवली. हे वर्गीकरण कोणास मान्य असो वा नसो, त्यातून एक गोष्ट निश्चित निघते : या मुलांना पुस्तकी मराठी हीच शाळेत भेटणारी पहिली नवी भाषा आहे, हिंदी ही त्यानंतरची. म्हणजे पुण्याच्या मुलाकडून आपण जी उडी अपेक्षितो, तिच्यापूर्वी शिरपूरच्या डोंगराळ भागातील मुलाने एक उडी आधीच घेतलेली असते, आणि ती कोणी मोजलेली नसते. अशा मुलाने हिंदी धड्यावर मौन धरले, तर ‘त्याला काही समजत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी त्यास कोणत्या भाषेत विचारले, हे पाहणे अगत्याचे आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे : ‘हिंदीच्या तासाला मुले मराठीत आणि अहिराणीत बोलू लागली, तर हिंदी येणार केव्हा?’ आक्षेप पोकळ नाही. भाषा बोलल्याशिवाय येत नाही, आणि तासाला हिंदी कानांवर व ओठांवर आलीच पाहिजे. परंतु समजणे आणि बोलणे या दोन पायऱ्या आहेत; वरची चढावयाची म्हणून खालची काढून टाकता येत नाही. प्रथम मुलाने आपल्या भाषेत म्हणावे. मग शिक्षकाने तेच म्हणणे सोप्या हिंदीत त्यास परत द्यावे, ‘मेरी माँ के हाथ भी जलते हैं’. मग मुलाने ते म्हणावे, आणि शेवटी वहीत लिहावे. असे लिहिलेले एक वाक्य उतरवलेल्या दहा उत्तरांहून अधिक हिंदी शिकवील. जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने १९७९ च्या सुमारास असे प्रतिपादले की, मातृभाषेत कमावलेली वाचनाची व विचाराची शक्ती दुसऱ्या भाषेत आपोआप वाया जात नाही, ती तिकडे उपयोगी पडते. शास्त्राचा हा आधार हाताशी आहे. पण खानदेशास तर घरचाच एक दाखला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ग्रंथ संस्कृत, श्रोते कैदी, भाषा मराठी. म्हणून गीता उणावली, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परभाषेतील ग्रंथ आपल्या भाषेत समजून घेण्याचा जो अधिकार धुळ्याच्या कैद्यांस मिळाला, तो धुळ्याच्या मुलांस नाकारण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

कवितेची अवस्था कथेहून बिकट आहे. कथेत निदान काय झाले हे मुलास विचारतात. कवितेत ‘सरल अर्थ’ फळ्यावर लिहून देतात आणि मुले तो पाठ करतात. माखनलाल चतुर्वेदी हे थोर कवी खंडव्यास राहून ‘कर्मवीर’ चालवीत. खंडवा म्हणजे भुसावळहून बऱ्हाणपूरमार्गे जाणाऱ्या लोहमार्गावरचे स्थानक. इतक्या शेजारच्या कवीची ‘पुष्प की अभिलाषा’ ही कविता आमच्या मुलांपर्यंत पोचते ती बहुधा ‘इस कविता से हमें देशप्रेम की शिक्षा मिलती है’ या साच्याच्या वाक्यातून; आणि त्यातील ‘शिक्षा’ या शब्दाचा मराठी अर्थ घेतला तर वाक्य कित्येकदा अधिकच खरे ठरते. फुलाने देवाच्या मस्तकावरही जाण्याचे नाकारावे आणि पायदळी पडण्याची इच्छा धरावी, ही केवढी विलक्षण गोष्ट आहे! ज्या मुलांच्या घरी रोज सकाळी देवास फुले वाहतात, त्यांना ‘फूल असे का म्हणते? तुम्ही फूल असता तर काय मागितले असते?’ एवढे विचारले, तरी कविता जागी होईल. सरल अर्थ फळ्यावर लिहिला की ती पुन्हा झोपते.

हे सारे करावयाचे कोणी, असा प्रश्न शिक्षक विचारतील आणि तो त्यांनी विचारलाच पाहिजे. लहान गावांच्या शाळांत एकेका शिक्षकाकडे दोनदोन इयत्ता असतात, शाळाबाह्य कामे असतात, आणि प्राथमिक शाळेत हिंदी शिकवणारा बहुधा गणितही तोच शिकवतो. त्यास ‘अधिक करा’ असे सांगण्यास आम्ही धजणार नाही. ‘निराळे करा’ एवढेच सांगू. प्रत्येक धड्याखाली दहा प्रश्न सोडवून घेण्याऐवजी पाच सोडवावे, आणि उरलेल्या वेळात एकच असा प्रश्न विचारावा की ज्याचे उत्तर पुस्तकात बोट ठेवून दाखवता येत नाही. अर्थग्रहण पाहावयाचे असेल, तर मुलास चित्र काढावयास सांगावे. उन्हात बसलेल्या आजोबांचे चित्र काढण्यास सांगितले की ‘ऊन’ लोकरीचे निघते की सूर्याचे, हे पाच मिनिटांत कळते. परीक्षेतही असा एक प्रश्न असावा, आणि त्याचे गुण भाषेच्या चुकांसाठी कापले जाऊ नयेत. शेजारच्या गुजरातेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात, पाठ्यपुस्तक बाजूस ठेवून गोष्टी सांगत सुटणाऱ्या एका शिक्षकाचे चित्र रेखाटले. वरिष्ठांचे हसे, सहकाऱ्यांची शंका आणि पालकांची तक्रार हे सारे त्यास सोसावे लागते. ते स्वप्न आहे हे लेखकाने नावातच कबूल केले आहे. पण त्या स्वप्नात न परवडणारी अशी वस्तू एकही नाही. लागते ती गोष्ट, आणि ऐकण्यास तयार असलेला शिक्षक.

हा विषय केवळ हिंदीच्या गुणांचा असता, तर आम्ही त्यावर एवढे लिहिले नसते. ज्या मुलास पाचवीत कळते की धडा न समजताही उत्तर बरोबर येते, ते ही विद्या हिंदीपुरती ठेवीत नाही. ते तीच मराठीस लावते, इतिहासास लावते, आणि मोठेपणी समोर येणाऱ्या प्रत्येक छापील कागदास लावते. ओळीवर बोट ठेवावे, ती उतरवावी, सही करावी. आणि ज्या मुलीचे ‘मन्ही माय’ने सुरू होणारे वाक्य दोनदा तोडले जाते, ती तिसऱ्यांदा बोलत नाही. या दोन हानी गुणपत्रिकेत दिसत नाहीत, म्हणून त्या अधिक भयंकर आहेत.

अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिकवून गेलेल्या साने गुरुजींनी पुढे १९४९ साली पुण्याच्या साहित्यसंमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, त्या एकमेकांची सुखदुःखे ओळखता यावीत म्हणून, हा तिचा आशय. भाषा लादण्याचा तिच्याशी संबंध नाही, आणि भाषा टाळण्याचाही नाही. समितीचा निर्णय पहिलीचा होवो, तिसरीचा होवो की पाचवीचा राहो. त्या वर्गात हामिदची आजी जर केवळ ‘दादी’ या शब्दाचा अर्थ म्हणून शिकवली जाणार असेल, तर वर्ष कोणतेही असो, फरक पडणार नाही. परंतु तिच्या भाजलेल्या बोटांत एखाद्या खानदेशी मुलास आपल्या आईची बोटे दिसली, तर तेवढ्यापुरती तरी गुरुजींची आंतरभारती त्या वर्गात स्थापन झाली असे म्हणावयास हरकत नाही. तूर्त आमची मागणी फार लहान आहे. आज संध्याकाळी मुलाची हिंदीची वही हाती येईल, तेव्हा उत्तरे तपासण्यापूर्वी ती क्षणभर मिटावी आणि त्यास म्हणावे, ‘आता मला ती गोष्ट सांग, तुला येते त्या भाषेत.’